न्यूयॉर्कमध्ये विमानतळ बदलावं लागेल असं तिकीट घेऊ नका

मुंबईहून अमेरिकेतल्या शार्लटला लेकीकडे जायचं होतं. एजंट म्हणाला, "न्यूयॉर्कला फक्त विमान बदलायचंय, चार तास आहेत, आरामात होईल." उतरायचं जेएफकेला आणि पुढचं विमान लाग्वार्डियाहून, हे त्याने सांगितलंच नाही. दोन्हींत सतरा-अठरा किलोमीटरचं अंतर, ते शहराच्या रहदारीतून काटायचं, आणि बॅगा ओढायच्या आपणच.

हे होतं कसं, ते समजून घ्या. तिकिटांच्या यंत्रणेत जेएफके, लाग्वार्डिया आणि न्यू जर्सीतलं नेवार्क ही तिन्ही विमानतळं 'एनवायसी' या एकाच शहराखाली दिसतात. आंतरराष्ट्रीय प्रवाशांमध्ये जेएफके अमेरिकेत पहिलं, तर लाग्वार्डियाला बाहेरदेशाहून आलेल्यांसाठी इमिग्रेशनच नाही. तिथून शनिवार आणि डेन्व्हरचा अपवाद सोडला तर दीड हजार मैलांपलीकडे विमान सोडायला परवानगी नाही. त्यामुळे शार्लट, डेट्रॉइट अशा जवळच्या शहरांची विमानं तिथे खच्चून, आणि स्वस्त तिकीट जुळवायला बसलं की ही जोडी हमखास समोर येते.

अमेरिकेत पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन, सामान, कस्टम्स सगळं उरकावं लागतं. आमची व्हिसावाल्यांची रांग हलता हलेना. बाहेर येतो तोच एक माणूस थेट आमच्या ढकलगाडीला हात घालून "टॅक्सी, टॅक्सी" करू लागला. लाग्वार्डियाचे १५० डॉलर, म्हणे ठरलेलं भाडं. साफ खोटं. ठरलेलं ७० डॉलरचं भाडं फक्त जेएफके ते मॅनहॅटन, आणि त्यावर कर, टोल, टिप वेगळी. लाग्वार्डियाला पिवळी टॅक्सी मीटरनेच जाते. आतल्या बाजूला येऊन विचारणाऱ्या कुणाहीकडे ढुंकूनसुद्धा पाहू नका. पाट्या बघत अधिकृत रांगेत जाऊन उभे राहा.

टॅक्सी मिळाली आणि व्हॅन विक या जेएफकेजवळच्या महामार्गावर अडकलो. हा रस्ता मला आयुष्यात पुन्हा नको. तिन्ही लेनमध्ये गाड्या जागच्या जागी, मीटरचा आकडा वाढतोय, आणि मागे बसून बायको बोर्डिंग पासवरची वेळ पुन्हा पुन्हा वाचतेय. विमान मिळालं, पण गेट बंद व्हायला जेमतेम दहा मिनिटं असताना.

लेकीकडचे दिवस मजेत गेले.

परतीला तीच जोडी उलटी होती. या वेळी टॅक्सीचं नाव काढलं नाही. लाग्वार्डियाच्या टर्मिनलबाहेरून क्यू-७० ही बस जॅक्सन हाइट्सला सोडते, तीही फुकट. बसमध्ये बॅगा ठेवायला मांडणी आहे. तिथून 'ई' मेट्रोने न्यूयॉर्कमधल्याच जमैका या भागाकडे. सटफिन बुलेव्हार्डला उतरायचं आणि जेएफकेला नेणारी एअरट्रेन पकडायची. मेट्रोचे तीनेक डॉलर, एअरट्रेनचे साडेआठच्या आसपास, दोन्हीकडे कार्ड टेकवलं की झालं. जेएफकेच्या टर्मिनलांमध्ये फिरायला हीच एअरट्रेन मोफत आहे. वाटेत जड एकच जागा, सटफिनला मेट्रोतून वर एअरट्रेनकडे जाणं. लिफ्ट शोधा. २३ किलोच्या दोन बॅगा जिन्यावरून चढवायच्या भानगडीत पडू नका. जॅक्सन हाइट्सच्या ७४ व्या रस्त्यावर इडली-चहा मिळतो, वेळ असेल तर जरूर घ्या.

आईवडिलांसाठी व्हीलचेअर सांगितली असेल तर ती विमानतळाच्या दारापर्यंतच येते. दुसऱ्या विमानतळावर त्यांना कुणीही नेऊन सोडत नाही. सत्तरीच्या माणसांना एकट्याने या जोडीवर पाठवू नका. धडधाकट असाल तरी मध्ये सहा तास हवेत, चार अजिबात पुरत नाहीत.

मुंबईहून नेवार्कला थेट विमान आहे आणि पुढची बरीच शहरं नेवार्कहूनच मिळतात. थोडे पैसे जास्त गेले तरी तेच घ्या. युरोपमार्गे जात असाल तर अटलांटा उत्तम. १९९८ पासून २०२० चं एक वर्ष सोडलं तर प्रवाशांच्या संख्येत जगात पहिलं तेच, तरी कस्टम्समधून बाहेर पडताच बॅगा पुढच्या विमानासाठी पट्ट्यावर टाकता येतात आणि सुरक्षा तपासणी झाली की आतल्या रेल्वेने गेटपर्यंत जाता येतं. शिकागोच्या ओहेरला टर्मिनल बदलावं लागेल, पण तिथली रेल्वे फुकट आहे आणि आवाराबाहेर जायची वेळ येत नाही. जेएफके–नेवार्क ही जोडी मात्र कुणी दिली तर सरळ परत करा, मध्ये अख्खं मॅनहॅटन येतं.