गुलमर्गचा अ‍ॅव्हलांच कोर्स: इंदूरहून हिवाळी ग्रुप नेणाऱ्यांसाठी

इंदूरहून दर हिवाळ्यात केदारकंठा, मनाली, काश्मीरकडे ग्रुप घेऊन जाणारे आपल्यात आता बरेच झालेत, मीही त्यातलाच, आणि खरं सांगायचं तर माळव्यात वाढलेल्या माणसाला बर्फ कळतो तो फोटोपुरता. म्हणून फेब्रुवारीत गुलमर्गला हिमस्खलनाचा म्हणजे अ‍ॅव्हलांचचा कोर्स करून आलो. गाइड, स्की पॅट्रोलवाले, ट्रेक लीडर अशांसाठी असतो हा, टुरिस्टांसाठी नाही. पुढे कुणाला जायचं असेल तर हे वाचून घ्या.

जायचं कसं ते आधी. मालवा एक्सप्रेसनं कटरा आणि तिथून वंदे भारतनं श्रीनगर, ही सोय जून 2025 पासून झालीय. विमान लवकर पोचतं पण बर्फ पडला की श्रीनगरची फ्लाइट कधी कॅन्सल होईल नेम नाही, जड सामान असेल तर ट्रेनच बरी. बाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं, हे ग्रुपमधल्या प्रत्येकाला निघायच्या आधीच सांगा. गुलमर्गच्या अलीकडच्या टंगमर्गच्या पुढे बर्फ असला की चाकांना चेन लावलेलीच गाडी घ्यावी लागते, त्या भाड्याचे पैसे वेगळे धरा.

आता मुद्द्याचं. गोंडोलाचा (केबल कारचा) दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, साधारण 3900 मीटरच्या वर सोडतो, आणि दोराच्या पलीकडे गेलात की पूर्ण बॅककंट्री, तिथे तुमचं तुम्ही. 1 फेब्रुवारी 2023 ला याच अफरवटवर अ‍ॅव्हलांचमध्ये पोलंडचे दोन स्कीअर गेले. आणि हिवाळाच लागतो असंही नाही, उत्तराखंडच्या द्रौपदी का डांडावर नेहरू माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटच्या ट्रेनी लोकांवर स्लाइड आली ती 4 ऑक्टोबर 2022 ची, 27 मृतदेह मिळाले, दोघं सापडलेच नाहीत. ती माउंटेनिअरिंग शिकणारी आणि शिकवणारी माणसं होती, आपल्या ग्रुपात तर ऑफिसातून सुट्टी काढून आलेले असतात.

कोर्समधला सगळ्यात कामाचा भाग म्हणजे खड्डा खणून बर्फाचे थर वाचणं. चिल्लई कलानमध्ये, म्हणजे 21 डिसेंबरपासूनच्या 40 दिवसांत, बर्फ पातळ असेल आणि थंडी कडक, तर जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास राहतं आणि वरचा थर खूप गार. दर 10 सेंटीमीटरला 1 डिग्रीपेक्षा जास्त फरक पडला की खालचे कण बदलून मोठे, टोकदार, एकमेकांना न चिकटणारे होतात, याला डेप्थ होअर म्हणतात. त्यावर वेस्टर्न डिस्टर्बन्सनं (पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळानं) एका रात्रीत जाड थर टाकला की कोरड्या साबुदाण्यावर फरशी ठेवल्यासारखा प्रकार. म्हणजे माणूस मरतो तो नव्या बर्फात, पण घोळ झालेला असतो आठवड्यांपूर्वीच्या निळ्या आकाशाच्या, छान उन्हाच्या दिवसांत. आपण मात्र ‘वेदर क्लिअर आहे’ म्हणून खूश!

टेस्ट सोपी आहे, 30 बाय 30 सेंटीमीटरचा खांब कापायचा, वर फावडं ठेवून 10 टपल्या मनगटातून, 10 कोपरातून, 10 खांद्यातून, कितव्या टपलीला आणि कसा तुटतो ते बघायचं. पण आमचे सर सारखे बजावत होते की एका खड्ड्यावरून उतार सेफ ठरवायचा नाही, खड्डा ‘नको’ म्हणाला तर ऐका, ‘हो’ म्हणाला तर फार भाव देऊ नका. पाय टाकल्यावर ‘वूंफ’ असा बसका आवाज आला किंवा पायाखालून भेगा पळाल्या तर टेस्टबिस्ट सोडा आणि मागे फिरा.

ट्रेकवाल्यांसाठी त्याहून महत्त्वाचं म्हणजे उताराचा कोन. स्लॅब अ‍ॅव्हलांच (अख्खा थर एकदम तुटून सरकतो ते) बहुतेक 30 ते 45 डिग्रीच्या उतारावर सुटतात, मोबाइलच्या अ‍ॅपनं मोजता येतं. पण तुम्ही स्वतः सपाटीवर उभे असाल आणि डोक्यावर 38 चा उतार असेल तर तेही धोक्याचंच, खालून चालतानासुद्धा वरचा स्लॅब सुटू शकतो. आपले लंच पॉइंट आणि टेंटच्या जागा आठवून बघा, किती नाल्यात आहेत! नाल्यात बर्फ पसरत नाही, साचतो, माणूस खोल गाडला जातो. आणि वारा, तो धारेच्या आडोशाच्या बाजूला बर्फ नेऊन टाकतो, गावात वीतभर पडला म्हणजे तिथेही तेवढाच असं समजू नका.

डीजीआरई (डीआरडीओची हिमस्खलनावर काम करणारी संस्था) बुलेटिन काढतं, जम्मू-काश्मीरचं आपत्ती खातं त्यावरून जिल्हा आणि उंची धरून इशारा देतं. रोज सकाळी बघायचाच, पण तो अख्ख्या जिल्ह्याचा असतो, तुमच्या समोरच्या उताराचा नाही. धोक्याच्या पाच लेव्हलमधली 3 नंबरची लोकांना ‘मधली’ वाटते आणि ते निघतात, ती मधली वगैरे नाही.

रेस्क्यू ड्रिलनं सगळ्यांचा घाम काढला. गाडलेला माणूस पहिल्या 10 मिनिटांत निघाला तर वाचायची शक्यता खूप, अर्ध्या तासानं फारच कमी, म्हणजे हेलिकॉप्टर, आर्मी, पोलीस कुणीही वेळेत येत नाही, वाचवणारे म्हणजे तिथे उभे असलेले तुमचेच लोक. बीकन (अंगावर बांधायचं, सिग्नल देणारं आणि पकडणारं यंत्र) सगळे 457 किलोहर्ट्झवर चालतात, कंपनी कुठलीही असो, पण भाड्याचा घेताना तीन अँटेनावालाच मागा. अल्कलाइन सेल नवे घाला, आणि सर्चच्या वेळी आपला फोन बीकनपासून निदान 50 सेंटीमीटर लांब ठेवा. सिग्नल सापडला की प्रोब (बर्फात टोचायची लांब सळई) उताराला काटकोनात, 25 सेंटीमीटरच्या अंतरानं गोल फिरत टोचायचा, लागला की काढायचा नाही, तसाच ठेवून खालच्या बाजूनं आडवं खणत जायचं. खरा वेळ खणण्यातच जातो, थांबलेला बर्फ इतका घट्ट होतो की प्लॅस्टिकचं फावडं मोडेल, धातूचंच घ्या. बीकनची प्रॅक्टिस इंदूरला कुठल्याही मैदानावर गोणीत बीकन लपवून होते, त्यासाठी काश्मीरला पैसे घालवू नका.

पण इतकं शिकून माझं मत एकच झालंय, बीकन-प्रोब सगळं शेवटचं, आपल्याकडे धोका सुरू होतो तो इंदूरला, इटिनररी छापतानाच. शनिवारी निघणार, पुढच्या रविवारी परत, सोमवारी सगळे ऑफिसात, मधे एक दिवसही मोकळा नाही, मग बर्फ पडून गेल्यावर दुसऱ्याच दिवशी टॉप करायचा हट्ट होतो आणि लीडरला नाही म्हणता येत नाही, कारण रिटर्न तिकीट हातात आणि समोर पैसे भरलेली वीस माणसं, शिवाय पुढे दुसऱ्या कंपनीच्या ग्रुपच्या पावलांच्या खुणा दिसतात, त्या बघितल्या की सगळ्यांना वाटतं रस्ता सेफ आहे.

म्हणून मी आता हिवाळी ग्रुपच्या कोटेशनमध्ये दोन रिकामे दिवस आधीच धरतो, त्यांचे पैसेही त्यातच. काही लोक भाव ऐकून दुसरीकडे जातात, जाऊ देत. टॉपची गॅरंटी नाही हे बुकिंगच्या मेसेजमध्येच लिहितो, आणि लोकल गाइडला पहिल्याच फोनवर विचारतो की शेवटचा मोठा बर्फ कधी पडला, त्यानंतर वारा कुठून आला, आणि तुम्ही ग्रुपला अर्ध्यातून मागे फिरवलंय का कधी. ‘कभी नहीं सर’ असं उत्तर आलं तर दुसरा गाइड शोधा.