वेगाचा आव

बुधवार, रात्र

हरभट रोडवर उसाचा रस पीत उभा होतो. शेजारच्या माणसाने सायकलीकडे वाकून बघितलं, चेन कव्हरवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "कुठल्या गाडीचं कापून बसवलंय ओ?" म्हटलं, कापलेलं नाही, करवून घेतलंय. त्यावर तो म्हणाला, "आणि ते कशाला?" मग ग्लास ठेवला, पैसे दिले आणि गेला.

एवढंच झालं. त्यात लागण्यासारखं काय आहे? सूर चांगला होता त्याचा. टिंगल असती तर सोपं होतं. टिंगलीला टोला कसा द्यायचा हे सांगलीत वाढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पण त्याने खरंच विचारलं होतं आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. "हौस" म्हणता आलं असतं. हौस म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत. तेसुद्धा सुचलं नाही.

आता रात्री जे सुचतंय ते लांबलचक आहे आणि ऐकायला कोणी नाही.

जुन्या काळ्या सायकलीची चेन एकदा बाजूने नीट बघावी. पुढे अठ्ठेचाळीस दात्यांचं चक्र, साधारण आठ इंचांचं. मागे अठरा दात्यांचं फ्रीव्हील, जेमतेम तीन इंचांचं. दोघांना वेढा घालून जाणारी चेन कागदावर काढली की आडवा पडलेला पाण्याचा थेंब तयार होतो, पुढे गोल, मागे निमुळता. १९३०च्या दशकात फ्रान्समधले गाड्यांच्या बॉड्या बांधणारे लोक याच आकारामागे लागले होते. फिगोनी आणि फलास्की यांनी १९३७ मध्ये टाल्बो-लागो या गाडीवर जी बॉडी चढवली, तिला आजही थेंब म्हणूनच ओळखतात. पुढे भरदार आणि मागे निमुळतं, कारण हवेला बाजूला सारणं त्या मानाने सोपं, तिला मागे पुन्हा सुरळीत जुळू देणं अवघड. त्यांनी जो आकार हातोडीने ठोकून ठोकून आणला तो आपल्याकडच्या प्रत्येक दूधवाल्याच्या सायकलीत आयता पडून आहे, आणि बाजारात मिळणारं कव्हर त्याच्यावर एक सरळसोट पट्टी मारून मोकळं होतं. मला तो आकार दिसायला हवा होता.

हे रसाच्या गाड्यापाशी कसं सांगणार?

आणि हेही पूर्ण खरं नाही. फोटो फ्रेंच गाड्यांचे जमवले होते, पण पुठ्ठ्यावर पेन्सिल टेकवली तेव्हा हात गेला तो गावभागातल्या डॉक्टरांच्या फियाटकडे. तीच, गोल पाठीची, जिला सगळे डुक्कर फियाट म्हणायचे. तिच्या मागच्या मडगार्डचा उतार. ती बोळात वळली की अण्णा सायकलवरून उतरायचे आणि ती जाईपर्यंत भिंतीला टेकून उभे राहायचे. राहू दे ते.

शंभर फुटी रोडवरच्या चाचांनी पुठ्ठ्याचा नमुना हातात घेतला तेव्हा पैशांचं बोललेच नाहीत. "सायकलला?" एवढंच म्हणाले. मग २२ गेजचा सीआर, म्हणजे थंड लाटलेला, पत्रा कापला, वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्याने फुगवला आणि डॉलीवर, म्हणजे लोखंडी ठोकळ्यावर, हलक्या हाताने सारखा करत गेले. मध्येच म्हणाले, "आयुष्यभर लोकांच्या गाड्यांचे पोचे काढले, तुम्ही पाडायला लावताय." कडेला तार घालून पत्रा मुडपला, ट्रंकेच्या झाकणाला असतो तसा, म्हणजे पँटही फाटणार नाही आणि बोटही कापणार नाही. इथपर्यंत आमचं दोघांचं जमलं.

घोडं अडलं ते फटींपाशी. जुन्या गाड्यांच्या बॉनेटवर ओळीने तिरक्या फटी असतात, लुव्हर म्हणतात, त्या मला हव्या होत्या. तिथे त्या इंजिनाची गरम हवा बाहेर सोडतात. चाचांनी चेनीकडे बघत विचारलं, "आत काय तापतंय?" मी ऐकलं नाही असं केलं. त्यांच्याकडे प्रेस नाही, म्हणून छिन्नीने चीर पाडायची आणि मागून लाकडी ठोकळ्याच्या आधाराने तिचा ओठ उचलायचा, असं ठरलं. मग जागेचा प्रश्न. क्रँक साडेसहा इंचांचा. तो फिरतो तेवढ्या पट्ट्यात उचललेला ओठ घासणार. त्याच्या मागे, वरच्या बाजूला, टाच येते. उरली ती शेपटीजवळची खालची चिंचोळी जागा. फटींची तोंडं मागेच हवीत, नाहीतर पुढच्या चाकाने उडवलेला काळा चिखल थेट चेनीवर, आणि नदीकाठच्या या मातीचा चिखल चेनीत शिरला की काय होतं ते कोणाला सांगायला नको. फटी कुठे, केवढ्या, कुठे तोंड करून, प्रत्येक गोष्टीला कारण होतं. फटी असाव्यात याला नव्हतं.

तेच तो माणूस बोलून गेला. चाचांनी आधी विचारलं तेव्हा लागलं नाही, कारण चाचा विचारता विचारता छिन्नी शोधत होते.

घरी कोणी काही म्हटलं नाही. ही म्हणाली रंग चांगला आहे. बाटलीहिरवा आणि खाली साईच्या रंगाचा पट्टा, चांगलाच आहे. ताईला फोटो पाठवला तर तिचं उत्तर, "छान. अण्णांची ना?" धाकट्याचा नुसता अंगठा आला. मला काय हवं होतं? कौतुक हवं होतं म्हटलं तर लाज वाटते, नको होतं म्हटलं तर खोटं. इतके दिवस पुठ्ठे कापतोय, जेवणाच्या टेबलावर कात्री पडलेली, आणि एकानेही विचारलं नाही की हे काय चाललंय. विचारलं ते एका परक्याने, अर्ध्या ग्लासात, आणि उत्तराला थांबलाही नाही. माझ्या वाट्याला नेहमी एवढंच कुतूहल का येतं?

बरं, हिशोब करायचा तर तोही माझ्याविरुद्ध जातो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी एकशे वीसने पळणाऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाने मी पळतो, म्हणजे तोच आकार हवेत धरला तरी त्याला होणारा विरोध शंभरावा. आणि चेन कव्हर तर पायाच्या आड असतं, हवेला ते दिसतच नाही. ताशी बाराने राजवाडा चौकातून जाणाऱ्या माणसाने वेगाचा आव आणायचा, आणि तोही घोट्यापाशी.

चहा केला. झोप गेलीच आहे.

चहाबरोबर बुगाटी आठवली, तीही फ्रान्समधलीच गाड्यांची कंपनी. १९३५ मध्ये त्यांनी एरोलिथ नावाचा नमुना केला, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा. ती धातू वेल्डिंगच्या ज्योतीला द्यायची म्हणजे पेटवायचीच, म्हणून बॉडीचे दोन अर्धे भाग मधोमध उभ्या कडेने जोडून रिव्हेट मारले. नाकापासून शेपटीपर्यंत शिवण. पुढे १९३६ ते १९३८ च्या दरम्यान जी ॲटलांटिक निघाली, फक्त चार गाड्या, ती ॲल्युमिनियमची. तिला वेल्डिंग चाललं असतं. तरी शिवण ठेवली. रिव्हेटही ठेवले. ज्या शिवणीवर सगळं जग जीव टाकतं ती निव्वळ दिसण्यासाठी आहे. म्हणजे आव आणणारा मी पहिला नाही, आणि माझ्या आधीचे चांगल्या घरातले आहेत.

त्या काळात तर साथच होती ही. रेमंड लोवी या अमेरिकेतल्या डिझायनरने १९३३ मध्ये पेन्सिलीला टोक करायच्या यंत्राचासुद्धा थेंबासारखा नमुना केला होता. टेबलावर बसून राहणारं यंत्र, जाणार कुठे? माझी सायकल निदान हलते तरी.

आणि त्या तीन रेघा. त्या काळात रेडिओपासून फ्रिजपर्यंत सगळ्यांवर तीन समांतर रेघा ओढायचे, वेग दाखवायला. मीही पुठ्ठ्यावर काढल्या होत्या, आणि फटींवर एवढा वाद झाल्यावर या रेघांचं चाचांना कसं सांगावं या विचारात होतो. त्यांनी नमुना बघितला आणि स्वतःच म्हणाले, "हे बरं केलं. नळी मारल्याशिवाय एवढा पातळ पत्रा गप्प बसत नाही." पत्र्यात लांब खोलगट नळी उठवली की तो ताठ होतो. नाहीतर खड्ड्यागणिक खडखडतो. त्यांनी मारल्या, आणि कव्हर खरंच गप्प बसलं. मी वेगासाठी काढलेल्या रेघा त्यांनी आवाजासाठी मारल्या, आणि कोणाच्या म्हणायच्या ते अजून ठरलेलं नाही. बिलात त्यांनी लावल्या आहेत.

किर्लोस्करवाडीवरून रेल्वे जाते तेव्हा मला नेहमी एक गोष्ट आठवते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९१० मध्ये इथे माळरानावर कारखाना आणि गाव उभं केलं. आपल्या जिल्ह्यात सायकलीपासून निघालेला माणूस कुठल्या कुठे पोचला. मी डेलाहे आणि बुगाटी या फ्रेंच गाड्यांपासून निघालो तो सायकलीच्या चेनीवर येऊन थांबलो. दोन्ही बाजूंनी कोणीतरी जायला हवं.

पंक्चरवाल्याचा आक्षेप मात्र रास्त आहे. तो म्हणतो, मागचं चाक काढायचं झालं तर हे सगळं खोलत बसणार कोण? त्याला सांगितलं की शेपटीचा तुकडा वेगळा आहे, दोन स्क्रूंवर निघतो, आणि चेन ताणायला एक्सल मागे सरकवायचा तर त्यासाठी खाच लांब ठेवली आहे. त्याने स्क्रू फिरवून बघितला, पुन्हा लावला आणि म्हणाला, "बघू, पंक्चर झाल्यावर." त्याला कशाला वगैरे पडलेलं नाही. मला तो आज एकदम आवडला.

आता अडचण अशी आहे की कव्हर बसल्यापासून मागचं चाक उघडं वाटतंय. फिगोनीने काही डेलाहेंची चाकं पुरती झाकली होती, पुढचीसुद्धा. तेवढं नको, आडव्या वाऱ्यात आयर्विन पुलावर उडून जाईन. पण मागचं अर्धं? आपल्याकडे ते आधीपासून आहेच की. बायकांच्या सायकलींना साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकावर जाळी असायची. ताईच्या होती. त्या जाळीच्या बाहेरून पत्रा वाकवला तर वजन फार वाढणार नाही आणि टेकायला जागा तयार मिळेल.

ती जाळी माळ्यावर आहे की भंगारात गेली हे ताईलाच विचारायला हवं. आता नको. या वेळी फोन केला तर ती जाळीवरून अण्णांवर येईल. उद्या दुपारी करतो, तिची शाळा सुटल्यावर.