चिलापीचं तळं: दीड वर्षाची नोंद

मंडळी, दीड वर्षापूर्वी आमच्या तळ्यावर एकच ओरड होती: मासे संपलेत, बीज (माशांची पिल्लं) सोडा. दिवसभर गळ टाकून बसलं तरी तळहातापेक्षा लहान चिलापीशिवाय (तिलापिया मासा) काही लागत नव्हतं. ओरडणाऱ्यांत मीही होतो. तळं जेमतेम दीड एकराचं, मधोमध दोन पुरुष पाणी, गरवायला सगळ्यांना मोकळं. देखरेख करणारे म्हणाले, "बीज सोडू, पण आत काय आहे ते आधी सांगा." आम्ही चौघं पुढे उभे होतो, काम आमच्याच अंगावर आलं.

वही आणि फळी

पहिल्यांदा पायऱ्यांपाशी एक वही दोरीने बांधून ठेवली. किती वेळ बसलात, काय लागलं, लांबी किती, एवढंच लिहायचं. महिन्याने उघडली तर प्रत्येक मासा 15, 20 नाहीतर 25 सेंटीमीटरचा. 17 सेंटीमीटरचा मासा या तळ्यात जन्मालाच येत नसावा! अंदाजाने मोजायची आपली सवय, त्यात दिवस चांगला असला की दोन बोटं वाढतातच. मग एक फळी केली. एका टोकाला उभी पट्टी ठोकली, मधे सेंटीमीटरच्या रेघा. माशाचं तोंड पट्टीला टेकवायचं, शेपटी मिटवायची, आकडा वाचायचा. फळी ओली ठेवायची आणि हातही ओलेच, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा पुढे बुरशीने मरतो.

फळी आल्यावर चित्र बदललं. दहातल्या नऊ चिलाप्या 9 ते 13 सेंटीमीटरच्या. त्याहून लहान क्वचित (गळ त्यांना मोठा पडत असणार), त्याहून मोठी जवळपास नाहीच.

मोजणी: पहिली फसलेली, दुसरी बरी

एकूण किती, हे काढायला पीटरसनची जुनी युक्ती वापरली. या डॅनिश शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समुद्रातल्या चपट्या माशांना खुणा लावून सोडलं होतं. हिशेब सोपा आहे. काही मासे खूण करून सोडा, आठवड्याने पुन्हा धरा, आणि त्यात खुणेचे किती येतात बघा. खुणेचे जितके कमी, तितकी आतली संख्या मोठी.

आम्ही 60 चिलाप्यांच्या पोटाखालच्या उजव्या पराचं टोक कापलं. दुसऱ्या फेरीत 75 धरल्या, त्यांत 20 खुणेच्या. म्हणजे 60 गुणिले 75 भागिले 20, फक्त 225. आम्ही खूश, बीज मागायला मोकळे! घरी येऊन विचार केला तेव्हा लाज वाटली. दोन्ही वेळा आम्ही त्याच सावलीच्या कोपऱ्यात बसलो होतो, जिथे सगळे रोज चारा टाकतात. तिथली चिलापी म्हणजे ठरलेली गिऱ्हाइकं, तीच परत आली. बाकीचं तळं मोजलंच नव्हतं.

दुसऱ्या वेळी काठाचे आठ भाग पाडले, प्रत्येक ठिकाणी सारखाच वेळ, अर्धा गळ आणि अर्धा पाग (फेकायचं जाळं). या वेळी डावा पर, म्हणजे जुन्या खुणेशी घोळ नको. 120 खुणेच्या, पुन्हा धरल्या 96, त्यांत खुणेच्या फक्त 6. खुणेचे मासे इतके कमी आले की साधा भागाकार आकडा फुगवतो, म्हणून प्रत्येक आकड्यात एक मिळवून शेवटी एक वजा करायचा: 121 गुणिले 97 भागिले 7, वजा 1. साधारण पावणेसतराशे. सहाच्या जागी चार किंवा नऊ आल्या असत्या तर आकडा पार हलला असता, म्हणून त्यावर शपथ घेऊ नका. पण 225 नक्कीच नव्हत्या. शिवाय गळाला किंवा पागाला न येणारी पिल्लं या हिशेबात नाहीतच.

थोडक्यात, मासे संपले नव्हते. झाले होते फार.

पाग झटकला तेव्हा

हे पटायला एक सकाळ पुरली. पाग काठावर झटकत होतो, 10 सेंटीमीटरच्या एका मादीने तोंड उघडून ओल्या मातीवर पिवळट अंड्यांचा पुंजका थुंकला. मादी तोंडातच अंडी उबवते हे वाचलेलं होतं, पण बोटाएवढ्या मासळीच्या तोंडात ते बघणं वेगळं. गर्दी झाली, खायला कमी पडलं की चिलापी वाढायचं सोडून लहानपणीच अंड्यावर येते. पाणी उबदार असलं की महिना-दीड महिन्याने पुढचा घाणा तयार. अशा तळ्यात आणखी बोटुकली सोडणं म्हणजे भरल्या गाडीत आणखी माणसं कोंबणं.

वजनंही तेच सांगत होती. ग्रॅममधल्या वजनाला 100 ने गुणायचं आणि सेंटीमीटरमधल्या लांबीच्या घनाने भागायचं; आकडा जितका मोठा, तितका मासा भरलेला. आमची 12 सेंटीमीटरची चिलापी 26 ग्रॅमची, म्हणजे 1.5. डोकं मोठं, पोट आत, पाठ धारदार.

शिकारी कुठे गेला

अमेरिकेत, अलाबामातल्या ऑबर्नमध्ये मत्स्यशास्त्रज्ञ होमर स्विंगल यांनी बरीच तळी रिकामी करून आतले मासे तोलले. 1950 च्या त्यांच्या मांडणीप्रमाणे खाद्यमाशांचं एकूण वजन शिकारी माशांच्या 3 ते 6 पट असलं तर तळं समतोल राहतं. त्यांचे मासे वेगळे, त्यामुळे आकडा जसाच्या तसा लावणार नाही. पण आमचा शिकारी मासा म्हणजे मरळ, आणि वहीत वर्षभरात मरळ किती? चार. चारही घरी गेलेल्या. "लहान सोडा, मोठा न्या" ही पाटी आम्हीच लावली होती. चिलापीच्या तळ्यात याहून उलटा नियम शोधून सापडणार नाही.

नवी पाटी: चिलापी कितीही न्या, एकही परत सोडू नका. मरळ सगळी सोडा. कटला 50 सेंटीमीटरच्या वरची सोडा.

कटल्यावरून भांडण झालं. काही जण म्हणाले, मोठी सोडायची कारण ती वीण वाढवेल. नाही वाढवणार. रोहू, कटला, मृगळ या कार्प माशांना विणीसाठी पावसाळी वाहतं पाणी लागतं. साचलेल्या तळ्यात मादीच्या पोटात अंडी भरतात आणि तिथेच जिरतात. 1957 मध्ये भारतीय मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्पकडून अंडी घालून घेतली, तेव्हापासून बीज हुकमी मिळू लागलं. मोठी कटला सोडायची ती एवढ्यासाठी, की ती उद्या दुसऱ्या कुणाच्या दांडीला वाक देईल. मला हे कारण पुरेसं वाटतं.

उन्हाळ्यातली वाईट पहाट

तीन दिवस ढग, पाणी वाटाण्यासारखं हिरवं. पाणी किती गढूळ ते बघायला आत सोडलेली पांढरी तबकडी 20 सेंटीमीटरवरच दिसेनाशी झाली होती, तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. चौथ्या पहाटे कटला तोंडं वर करून हवा गिळत होत्या. 20 अंशांच्या पाण्यात लिटरला 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसात. रात्रभर शेवाळही तोच वापरतं, म्हणून प्राणवायू सूर्योदयाच्या आधी सगळ्यात कमी असतो. पंपाने पाणी उडवत ठेवलं, तरी पाच मोठ्या कटला गेल्या. चिलापी एकही नाही! मरळ तर वरची हवा घेते, तिला फिकीर नव्हती. आधी मरतात ते तुम्हाला हवे असलेलेच मासे. टाकलेला, न खाल्लेला चारा कुजताना प्राणवायू खातो, म्हणून आता माणशी एक ओंजळ, बस.

आत्ता

आठ महिने दर रविवारी पाग आणि गळ. सुरुवातीला तासाला चाळीसेक चिलाप्या येत, आता बारा-तेरा. 12 सेंटीमीटरची चिलापी 33 ग्रॅम भरते, म्हणजे 1.9. तेवढीच लांबी, पण पाठ हाताला गोल लागते. मागच्या आठवड्यात पहिली 21 ची निघाली, फळीवर, दोन साक्षीदारांसमोर. परवानगीने मरळही सोडली, वीतभर लांबीची, लहान सोडली असती तर आधी तिचीच न्याहारी झाली असती.

आणि परवा लव्हाळ्याच्या कडेला पाण्यात तांबूस ढग हलताना दिसला. मरळीची पिल्लं, शेकड्यांनी, गोळा करून फिरणारी, खाली आई-बाप राखण करत. अशा वेळी राखणदार मरळ समोर आलेल्या कशावरही झडप घालते, म्हणजे धरायला याहून सोपी ती कधीच नसते. त्या कोपऱ्याला दोरी बांधली आहे. एक जुने काका रोज संध्याकाळी दोरीपाशी येऊन उभे राहतात, दांडी काखेत, आणि विचारतात, "पांगली का रे?"

अजून नाही, काका.