फयान हा शब्द कुठला?

नववीचा राज्यशास्त्राचा तास, जेवणाच्या सुट्टीनंतरचा. धडा संयुक्त राष्ट्रांचा. स्थापना 1945, सुरक्षा परिषदेचे 15 सदस्य, त्यातले 5 कायम. मी फळ्यावर लिहीत होते, मुलं उतरवून घेत होती. चेहऱ्यांवरून कळत होतं की आत काही जात नाही. न्यूयॉर्क कुठे आणि आमचा दापोली तालुका कुठे!

जागतिक हवामान संघटनेचं नाव आलं तेव्हा मी विचारलं, "2020 च्या वादळाला 'निसर्ग' हे नाव कोणी दिलं?"

"सरकारने."

"बांगलादेशाने," मी म्हटलं.

वर्ग जागा झाला. निसर्ग वादळ यातल्या प्रत्येकाने पाहिलेलं. कोणाचे पत्रे उडाले, कोणाची पिढ्यान्‌पिढ्यांची पोफळीची बाग एका दुपारीत आडवी झाली. पुस्तक मिटलं आणि उत्तर हिंदी महासागरातल्या वादळांना नावं सुचवणाऱ्या यादीतले 13 देश फळ्यावर लिहिले. इंग्रजी अक्षरक्रमाने बांगलादेश पहिला, येमेन शेवटचा. प्रत्येकाची 13 नावं, एकूण 169. भारत, पाकिस्तान, इराण, सौदी, सगळे एका यादीत. यांच्यात किती भांडणं आहेत ते मुलांना बातम्यांतून ठाऊक असतं, म्हणून मला ही यादी फार मोलाची वाटते. दिल्लीचं हवामान केंद्र इशारा देतं तो या सगळ्यांसाठी.

2021 चं 'गुलाब' नाव पाकिस्तानचं. ते वादळ आंध्रच्या किनाऱ्यावर आलं, जमिनीवर विरत विरत आपल्या राज्यावरून अरबी समुद्रात उतरलं, तिथे पुन्हा जोर धरला आणि कतारने सुचवलेलं 'शाहीन' हे नाव घेऊन ओमानला धडकलं. "म्हणजे वादळ तेच, नावं दोन?" पुढच्या बाकावरून प्रश्न आला. मी नकाशावर खडूने त्याची वाट काढून दाखवली.

मागच्या बाकावर एक मुलगा बसतो. घरची होडी आहे, वडील तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. वर्गात सहसा बोलत नाही. तो उठून म्हणाला, "बाई, आणि फयान? फयान म्हणजे भयाणच ना?"

मला क्षणभर बोलता येईना. नोव्हेंबर 2009 चं ते वादळ या मुलांच्या जन्माच्या आसपासचं. पण आमच्या किनाऱ्यावर तो शब्द इतका रुजलाय की "फयानच्या वर्षी" म्हटलं की साल सांगावं लागत नाही. किती खलाशी परत आले नाहीत, हे घराघरात माहीत आहे. मुलाला तो आपल्याच बोलीतला शब्द वाटला, यात नवल नव्हतं.

"नाही रे. ते नाव म्यानमारने दिलेलं."

तो नकाशाजवळ आला. म्यानमार सापडेना. कोणीतरी सांगायला लागलं, त्याला मी थांबवलं. त्याचं बोट श्रीलंकेवरून वर सरकलं, बंगालचा उपसागर ओलांडून पलीकडच्या किनाऱ्याला लागलं.

"यांच्याकडे पण समुद्रावर जातात, बाई?"

"जातात. 2008 साली नर्गिस वादळ आलं तिथे. लाखावर माणसं गेली."

"धोक्याचा बावटा लागला नव्हता?"

इशारे दिले गेले होते, पण खाडीकाठच्या गावांपर्यंत ते नीट पोचले नाहीत, एवढं मी सांगितलं. घंटा झाली. बाकीची मुलं दप्तरं भरू लागली. त्याचं बोट अजून तिथेच होतं.