आमची वाटचाल: नुसतं ‘ऑटो पार्ट्स’ लिहून आम्ही माल पाठवत नाही

2006 साली भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही लाकडी खोकी बनवायला लागलो. मी, धाकटा भाऊ आणि दोन सुतार. गिऱ्हाइकं म्हणजे पिंपरी-चाकणचे सुटे भाग बनवणारे कारखाने. निर्यातीच्या खोक्याचं लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर सलग 30 मिनिटं तापवावं लागतं, मग त्यावर शिक्का बसतो. पहिली पाच वर्षं याहून अवघड नियमाशी आमची गाठ पडली नाही. माप घ्यायचं, वजन विचारायचं, खोकं ठोकायचं. आत काय जातंय, हे विचारायची पद्धतच नव्हती.

2011च्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाची 12 खोकी मुंबई विमानतळावर अडकली. इनव्हॉइसवर लिहिलं होतं ‘सीट बेल्टचे सुटे भाग’, आणि ते खरंही होतं. पण ते प्रीटेन्शनर होते. गाडी आदळली की त्यातली चिमूटभर स्फोटक दारू पेटते आणि पट्टा क्षणात मागे खेचला जातो. हातात घेतला तर नुसतं लोखंडी नळकांडं, ना वास ना ओल. एअरबॅगसकट असा बहुतेक माल संयुक्त राष्ट्रांनी (यूएन) ठरवलेल्या 3268 या क्रमांकाखाली, धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात येतो. आमच्या खोक्यांवर ना क्रमांक होता, ना लेबल, ना सोबत घोषणापत्र. माल परत आला. गिऱ्हाइकाने आम्हाला सांगितलं नाही, पण आम्हीही विचारलं नव्हतं.

त्या रात्री मला पैशांपेक्षा दुसरीच गोष्ट छळत होती. आदल्या आठवड्यात आमच्या पोरांनी त्याच खोक्यांवर बसून डबे खाल्ले होते आणि एकाने तिथेच बिडी पेटवली होती. नुसतं बसल्याने प्रीटेन्शनर उडत नाही, आगीत सापडला तर उडतो, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मात्र मला काहीच माहीत नव्हतं, आणि माझ्या भरवशावर सहा माणसं तिथे काम करत होती.

मग आम्ही दोघं भाऊ मुंबईला जाऊन डीजीचा, म्हणजे धोकादायक मालाचा, कोर्स करून आलो. त्याचं प्रमाणपत्र 24 महिने चालतं, पुढे पुन्हा वर्ग आणि पुन्हा परीक्षा. पहिल्याच वर्गात एक गोष्ट डोक्यात बसली. लाल तिरक्या पट्ट्यांची किनार असलेल्या त्या घोषणापत्रावर माल पाठवणाऱ्याची सही असते, आणि मालाचं नाव, वर्ग, पॅकिंग बरोबर असल्याची हमी तोच देतो. ‘ट्रान्सपोर्टवाला बघून घेईल’ हे वाक्य तिथे चालत नाही.

खरी मेहनत पुठ्ठ्याच्या खोक्यांवर झाली. खोकं धोकादायक मालाला चालतं असा यूएनचा शिक्का हवा तर इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगकडे नमुने द्यावे लागतात. मधल्या धोक्याच्या मालासाठीचं खोकं भरून 1.2 मीटरवरून पाडतात: तळावर, बाजूंवर, कोपऱ्यावर. शिवाय 3 मीटर उंच थप्पीचा भार त्यावर 24 तास ठेवतात. आमचा पहिला नमुना कोपऱ्यावर पडला आणि उसवला. दुसऱ्या वेळी आतले खण बदलले, टेप रुंद घेतली, तेव्हा पास झाला. बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं, की शिक्का नुसत्या पुठ्ठ्याला मिळत नाही. आतले खण, टेप, बंद करायची पद्धत या सगळ्याला मिळून मिळतो. स्वस्त पडते म्हणून टेप बदलली, तर खोक्यावर छापलेला शिक्का खोटा ठरतो.

1 जुलै 2019पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली आणि आमचं काम वाढलं. आता चाकणला स्वतःची शेड आहे. डीजी मालाला जाळीची वेगळी खोली आहे आणि डबे बाहेर लिंबाखाली खायचे, असा नियम आहे. ज्याच्या लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद आहे, त्याच ड्रायव्हरला गाडी देतो. आणीबाणीत काय करायचं, याचं कार्ड मराठी आणि हिंदीतून सोबत असतं, आणि ते त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतो. ऑगस्ट 2016मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या केमाडोजवळ एअरबॅग फुगवणारे इन्फ्लेटर आणि त्यांचं रसायन नेणारा ट्रक अपघातात पेटला, स्फोट झाला आणि आपल्या घरात असलेली एक बाई गेली. खंडाळ्याचा घाट उतरणाऱ्या प्रत्येक नव्या ड्रायव्हरला मी ही हकीकत सांगतो.

‘नॉन-डीजी लिहा ना, सगळेच लिहितात,’ म्हणणारी तीन मोठी गिऱ्हाइकं आम्ही गमावली. गॅरेजवाल्यांचेही फोन येतात. एकच जुनी एअरबॅग आहे, कपड्यांच्या पार्सलमध्ये घाला. बॅटरीतलं ॲसिड ओतून टाकलंय, आता ती रिकामीच आहे. ती रिकामी नसते, प्लेटांत ॲसिड मुरलेलं असतं. आम्ही नाही म्हणतो, पण फोन ठेवत नाही. रस्त्याने रीतसर कसं पाठवायचं ते समजावतो.

हल्ली ई-स्कूटरचे लिथियम पॅक येतात. सुटे पॅक प्रवासी विमानाने जात नाहीत. मालवाहू विमानाने जायचे तर चार्ज 30 टक्क्यांच्या वर चालत नाही. आणि फुगलेला किंवा बिघडलेला पॅक विमानात घेतच नाहीत, मग गिऱ्हाइकाला कितीही घाई असो.

गेल्या महिन्यात पॅकिंगच्या टेबलावरच्या नव्या मुलीने एक खोकं अडवलं. इनव्हॉइसवर ‘डिकी किट’ होतं. तिने उघडून पाहिलं, आत डिकीचे गॅस भरलेले शॉकर होते. ते ठराविक अटी पाळून बनवले असतील तर डीजीच्या नियमांतून सवलत मिळते, पण तसा निर्मात्याचा कागद लागतो. तो सोबत नव्हता. गिऱ्हाइकाने मला फोन करून आवाज चढवला. मी फोन तिच्याकडे दिला. दोन दिवसांनी कागद आला, तिने तो फाइलला लावला आणि मगच खोक्याला पट्टी मारली.