जुनी बीएमएक्स उकलताना: उलटे आटे, गंज आणि कॉस्टिक

वीस इंची चाकं, क्रोमची फ्रेम, वन-पीस क्रँक आणि उन्हानं लालाचे गुलाबी झालेले डाय-कॉम्पे कंपनीचे ब्रेक. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या मातीच्या ट्रॅकवर पिदडलेली ही बीएमएक्स, म्हणजे शर्यतीची छोटी सायकल. पाना लावण्याआधी मी वॉशरांचा क्रम आणि केबलची वाट फोटोत धरून ठेवली. पुढे हेच फोटो कामाला आले.

सुरुवात क्रँकपासून, कारण आटे मरतात ते इथेच. वन-पीस क्रँक म्हणजे पायडलांचे दोन्ही हात आणि मधला दांडा एकाच पोलादी तुकड्याचे. चेन काढली, मग पायडल. उजव्याचे आटे सुलटे, डाव्याचे उलटे. डाव्या बाजूचा लॉकनटही उलट्या आट्यांचाच, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवला तर सुटतो. नेहमीच्या सवयीनं जोर लावला की तो आणखी आवळतो आणि पाना घसरून नटाचे कोपरे गोल होतात. त्यामागे खाचेचा वॉशर, मग कोन (छर्ऱ्यांवर टेकणारा आटेदार शंकू). तोही त्याच दिशेनं सुटतो. बेअरिंगची छर्रे धरणारी जाळी बाहेर आली की क्रँक तिरका करत उजवीकडून काढायचा. चेनरिंग (चेनचं दातेरी चक्र) धरून ठेवणारा उजवा कोन मात्र सुलट्या आट्याचा. फ्रेममधले कप (छर्रे फिरतात त्या वाट्या) आतून छिन्नी टेकवून, एकदा वर एकदा खाली असे ठोकत काढले. एकाच जागी ठोकलं तर कप तिरका अडकतो. छर्रे ५/१६ इंची. गंजाचे टिपके पडले असतील तर सरळ नवे घ्यावेत, त्यात काटकसर नको.

स्टेम, म्हणजे हँडल धरणारा खुंट, अडकलेला होता. ॲल्युमिनियमचा स्टेम पोलादी नळीत वर्षानुवर्षं ओला राहिला की दोन धातूंमध्ये पांढरी भुकटी धरते. वरचा बोल्ट दोन आटे सैल करून त्यावर लाकडी हातोडीचा एक ठोका दिला, आतली पाचर सुटली. मग पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या खालच्या भोकातूनही भेदक तेल सोडून रात्रभर ठेवलं. सकाळी पुढचं चाक पायात धरून हँडल पिळलं. नवा स्टेम घ्यायचा झाला तर कॅलिपरनं मोजूनच घ्या: या सायकलींना २१.१ मिमीचा लागतो, आणि बाजारात सर्रास मिळतो २२.२ मिमीचा, जो आत जातच नाही.

आता क्रोम. क्रोम स्वतः गंजत नाही. बारीक छिद्रांतून पाणी शिरतं आणि खालचं पोलाद गंजतं. वरवरच्या गंजाला ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा आणि साधं पाणी पुरतं, कारण फॉइल क्रोमपेक्षा मऊ असतो. स्टील वूलनं बारीक चरे राहू शकतात, म्हणून मी वापरत नाही. खोल गंजासाठी ऑक्झॅलिक ॲसिड: १ लिटर कोमट पाण्यात २५ ग्रॅम, हातमोजे घालून, साधारण १२ तास, मधूनमधून बघत. जास्त वेळ राहिलं तर पिवळट थर चढतो, तो घासूनच काढावा लागतो. बाहेर काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, लगेच सुकवायचं आणि तेल लावायचं. ब्रेकची स्प्रिंग या ॲसिडमध्ये टाकू नका: कडक पोलादात हायड्रोजन शिरला की ती ठिसूळ होते आणि ताण आला की तुटते.

ब्रेकच्या हातांवरचा रंगीत ॲनोडायझिंगचा (ॲल्युमिनियमवर विजेनं चढवलेल्या ऑक्साइडचा) थर कॉस्टिक सोडा खातो. सगळं पोलादी सामान सुटं करून, उघड्यावर, चष्मा-हातमोजे घालून, १ लिटर थंड पाण्यात ४० ग्रॅम सोडा टाकला. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. दोन-तीन मिनिटांत जोरात बुडबुडे आले. ते बुडबुडे हायड्रोजनचे, म्हणून जवळपास विडी-काडी नको. पार्ट काळा पडला तरी घाबरू नका, तो मिश्रधातूतल्या तांबे-सिलिकॉनचा थर, ब्रशनं निघतो. एका वेळी तीनच मिनिटं, मग धुऊन बघायचं. पार्ट विसरून राहिला तर आटे सैल होतात.

मग पाण्यातला पॉलिश पेपर ४००, ६००, १०००, २००० आणि शेवटी मेटल पॉलिश. मागच्या बाजूला ४०० चालवायचा नाही. डाय-कॉम्पेच्या हातावर महिना-वर्षाचा चार आकडी शिक्का असतो, ०५८३ म्हणजे मे १९८३. तो घासला गेला की पार्टची जन्मतारीखच गेली. चकाकी आल्यावर मेण लावलं. ॲनोडायझिंग नसलेलं ॲल्युमिनियम पुन्हा मंद होणारच. रंग परत हवा असेल तर ॲनोडायझिंगवाल्याकडे द्यायचं, पण आतला पोलादी बुश (छोटी नळी) काढून, नाहीतर त्याच्या सल्फ्युरिक ॲसिडच्या टाकीत तो खाल्ला जातो.

जोडताना जाळीची बंद बाजू बाहेर, छर्रे कपाकडे. डावा कोन बोटांनी टेकेपर्यंत आवळून मी आठवा हिस्सा मागे घेतला, कारण लॉकनट आवळला की तो पुन्हा आत सरकतो. मग चेन न लावता क्रँक फिरवला. खरखर नाही, हात डावी-उजवीकडे डुलत नाहीत. मगच पायडल.