मग आपण आलो कशाला?

"बाबा, हा महाराजांनी कधी जिंकला?"

जंजिऱ्यावर, कलालबांगडी तोफेपाशी एक चिमुरडा विचारत होता.

"नाही जिंकला. संभाजीराजांनी समुद्रात दगड टाकून वाट बांधायला घेतली होती, तरी नाही."

"मग आपण आलो कशाला?"

बाबा गप्प. मग घाईघाईत सेल्फी, कारण खाली होडीवाला ओरडत होता.

माझ्या डोक्यातून ते जाईना. मूळचे हबशी असलेल्या सिद्दींनी १९४८ पर्यंत राखलेलं हे संस्थान. भर समुद्रात, आत गोड्या पाण्याचे तलाव! आणि समोर पद्मदुर्ग, जंजिऱ्याला शह द्यायला महाराजांनी बांधलेला. तिकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. (गाइडनेही तो विषय दोन वाक्यांत उरकला.)

पोरांना आपण फक्त जिंकलेलेच किल्ले सांगतो का हो?